लायकॅन्थ्रोपीचा शाप: पात्र खेळाडूच्या हातून न काढता तो जाचक कसा करावा?

कोरी शीट (धागाकर्ता)

माझ्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकून पात्रे रंगवण्याचा टेबलावरचा खेळ) मोहिमेत मागच्या महिन्यात चौथ्या लेव्हलच्या एका फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, लांडगामाणूस चावला; अशा चाव्यातून लायकॅन्थ्रोपी, म्हणजे जनावराचे रूप घेण्याचा शाप, लागू शकतो. आम्ही २०१४चे नियम वापरतो. कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हिंग थ्रोला (संकट टाळण्यासाठीच्या फासेफेकीला) १२ हवे होते, सगळे मिळवून ९ भरले आणि टेबलावर क्षणभर खरोखरच कोणी बोलेना. ती शांतता टिकली असती तर मी हा धागा काढलाच नसता. पण खेळाडूने मॉन्स्टर मॅन्युअल हे राक्षस-जनावरांचे नियमपुस्तक उघडून शापग्रस्त पात्रांविषयीची चौकट वाचली आणि त्याचा चेहरा खुलला. स्ट्रेंग्थ (ताकद) १५पेक्षा कमी असेल तर ती १५ होणार होती, लांडग्याच्या किंवा अर्ध्या रूपात आर्मर क्लास (मार चुकवण्याचा आकडा) एकाने वाढणार होता, आणि चांदीचा मुलामा नसलेल्या साध्या शस्त्राचा मार त्याला यापुढे लागणारच नव्हता. पुढच्या तीन बैठकांत हा गडी बाणांच्या माऱ्यातून पावसाची भुरभुर अंगावर घ्यावी तसा चालत गेला. चौथ्या लेव्हलच्या गटासमोर ठेवण्याजोग्या बहुतेक शत्रूंकडे त्याच्यासाठी काहीच उत्तर नव्हते, आणि बाकीचे तिघे हळूहळू प्रेक्षक होऊ लागले.

मग पौर्णिमा आली. मी त्याच्या हातातून कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) काढून घेतले आणि ‘आता हा माझा’ असे म्हणालो. लांडग्याने गटातल्या क्लेरिकला (देवाच्या कृपेने मंत्र टाकणाऱ्या पात्राला) फाडले. ती मेली नाही, पण त्या लढाईची पाऊण तास जी फासेफेक चालली तेवढा वेळ शीट गेलेला खेळाडू मोबाइल बघत होता. क्लेरिक खेळणारी तक्रार न करता नेहमीपेक्षा लवकर उठून गेली. एरवी वरदान आणि पौर्णिमेला शिक्षा, तीही पात्राला नव्हे तर खेळाडूला, असा हा शाप माझ्या हातून झाला आहे. इतरांनी तो कसा हाताळला, हे सविस्तर वाचायला आवडेल.

वीसमुखी

रिमूव्ह कर्स हा शाप काढणारा मंत्र टाका आणि पुढे चला. पाचव्या लेव्हलला क्लेरिकच्या हाती तो मंत्र येतो, आणि चावा लागून जडलेली लायकॅन्थ्रोपी त्याने जाते. जन्मजात असेल तरच विश हा फार मोठा मंत्र लागतो. तुमचा गट एका लेव्हलवर अडला आहे, एवढीच ही अडचण आहे.

जुनी वही

वीसमुखींनी जे उत्तर म्हणून दिले आहे तीच मला मूळ अडचण वाटते. तत्पूर्वी धागाकर्त्यांसाठी एक दुरुस्ती नोंदवतो. पौर्णिमेला शाप आवरेनासा होतो, एवढेच पुस्तक सांगते. पात्र डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) ताब्यात जाण्याची गोष्ट तिथे आहे, पण ती शाप मनापासून स्वीकारणाऱ्या आणि त्यामुळे अलाइनमेंट (चांगल्या-वाईटाकडचा कल) बदललेल्या पात्राविषयी आहे, आणि तिथेही तो डीएमच्या मर्जीचा पर्याय आहे. जो पात्रधारी शापाशी झगडतो आहे त्याचे शीट काढून घ्या, असे पुस्तक कुठेही सांगत नाही. आपण दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली. असे करणारे आपण पहिले नाही; मीही ती मारली आहे.

आता मंत्राकडे येतो. आपल्याकडच्या कथांमध्ये शापाबरोबर उःशाप येतो आणि कथेचा सगळा जीव त्या उःशापात असतो. कल्माषपाद राजा शापाने राक्षस होतो, माणसे खातो, शाप देणाऱ्या शक्ती या ऋषीलाच आधी खातो, आणि बारा वर्षांनी ज्याचे पुत्र त्याने खाल्ले त्या वसिष्ठांच्याच हातून सुटतो. हा सुटकेचा मार्ग कोणत्याही देवळात पैसे मोजून मिळणारा नाही, कारण तो त्या विशिष्ट अपराधाला बांधलेला आहे. रिमूव्ह कर्समध्ये नेमकी हीच बांधणी नाही. स्पर्श करायचा, तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) खर्च करायचा आणि शाप जातो. पाचव्या लेव्हलनंतर अशा शापाचे आयुष्य एका रात्रीच्या विश्रांतीइतकेच उरते.

खेळाच्या २००३च्या ३.५ आवृत्तीत हे प्रकरण पुष्कळ अधिक काटेरी होते आणि माझ्या मते त्यामुळेच खेळायला रंगतदार होते. चाव्यानंतर तासाभरात बेलाडोनाची डहाळी खाल्ली तर २०च्या फोर्टिट्यूड (शरीराच्या चिवटपणाच्या) सेव्हची एक संधी मिळे, आणि ती एकच, मग कितीही पाला चघळा. डहाळी आठवड्याभरात तोडलेली असावी लागे आणि ताजी असो वा शिळी, ती विषारीच असे, म्हणजे वाचण्याच्या धडपडीत पात्राची स्ट्रेंग्थ गळून पडण्याची शक्यता होती. ती वेळ हुकली तर तीन दिवसांच्या आत बाराव्या किंवा त्यावरच्या लेव्हलच्या क्लेरिकने रिमूव्ह डिसीज किंवा हील हे मंत्र टाकायचे. तेही हुकले तर रिमूव्ह कर्स किंवा ब्रेक एन्चांटमेंट, पण तो पौर्णिमेच्या तीन दिवसांतच, आणि वर शापग्रस्ताला २०चा विल (मनोबलाचा) सेव्ह जिंकावा लागे. म्हणजे ज्या रात्री तो सर्वांत घातक असतो त्याच रात्री त्याच्या जवळ जाऊन मंत्र टाकायचा. या एका अटीतून एक पूर्ण बैठक उभी राहते: त्याला बांधायचे कोणी, कुठे, आणि सेव्ह हुकला तर दार कोण लावून घेणार?

(जाता जाता: ती आवृत्ती बेलाडोना आणि वुल्फ्सबेन एकच समजते. प्रत्यक्षात वुल्फ्सबेन हा बचनागाच्या कुळातला आणि बेलाडोना वेगळीच वनस्पती आहे. तुमच्या गटात कोणी वनस्पतिशास्त्र शिकलेले असेल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर अर्धा तास त्यात जातो.)

मी आता काय करतो, ते सांगतो. रिमूव्ह कर्स शाप काढत नाही, फक्त एक पौर्णिमा टाळतो. कायमच्या सुटकेसाठी ज्याने चावा घेतला त्याच्याशी बांधलेली एक अट असते, आणि ती मी चावा बसतो त्याच आठवड्यात ठरवतो, नंतर सुचेल तशी नाही. अट गटाला लगेच कळत नाही, पण शोधता येते. जन्मजात लांडगामाणसाने चावा घेतला असेल तर अट त्याच्या घराण्याशी जोडायची. तो स्वतःच शापग्रस्त असेल तर त्याला कोणी चावले होते, तिथपर्यंत मागे जायचे.

रिकामी ढाल

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण शीट ज्याच्या हातून गेले तो खेळाडू मी एकदा होतो. मला राग आला तो क्लेरिक जखमी झाली म्हणून नव्हे. माझ्या पात्राला एक धाकटी बहीण होती, ती मी सहा महिने रंगवली होती, आणि डीएमने एका फासेफेकीत माझ्याच पात्राच्या जबड्यात ती संपवली. तो निर्णय माझा असता तर कदाचित मीही तोच घेतला असता आणि ती आमच्या मोहिमेतली सर्वांत चांगली रात्र ठरली असती. पण तो माझा नव्हता.

म्हणून माझ्या टेबलावर चावा बसण्याच्या आधी, शक्यतो पहिल्या ओळखीच्या बैठकीतच, तीन गोष्टी विचारून घेतल्या जातात. पात्राचे शरीर तुझ्या ताब्यातून जाणे तुला चालेल का? जाणार असेल तर कोणाला हात लावायचा नाही? आणि जे घडेल ते टेबलावर दाखवायचे की पडदा टाकून सकाळवर यायचे? उत्तरे टोकाची वेगळी येतात. एकजण म्हणाली की माझ्या पात्राने कोणालाही मारले तरी चालेल, पण त्याचे कपडे फाटून तो गावात उघडा सापडला अशी थट्टा नको. हे मला माझ्या मनाने कधीच सुचले नसते.

दुसऱ्या कोणाच्या पात्राचा जीव जाणार असेल तर त्या दुसऱ्या खेळाडूलाही विचारावेच लागते. लांडगा होणाऱ्याची संमती आपण घेतो आणि ज्याला चावायचे त्याला गृहीत धरतो. धागाकर्त्यांच्या टेबलावर क्लेरिक लवकर उठून गेली, हे मला मोबाइल बघण्यापेक्षा जास्त लक्षात घेण्याजोगे वाटते.

तिसरा प्रहर

मी ती रात्र खेळतच नाही, सकाळ खेळतो.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मी खेळाडूला एवढेच विचारतो की अंधार पडताना तू कुठे आहेस आणि स्वतःला अडवायला काय केले आहेस. मग लगेच पहाट होते. एकदा असे झाले की पात्र ओढ्याच्या काठी जागे झाले, डाव्या पायात बूट होता, उजव्यात नव्हता, नखांखाली ओली माती होती आणि दाढेत काहीतरी अडकले होते. खेळाडूने जिभेने चाचपल्याचे सांगितले. मी म्हणालो, पितळेचे बटण आहे, त्यावर नगररक्षकांचा शिक्का आहे. पुढची दोन तासांची बैठक त्या एका बटणावर चालली. रक्षक मेला की नुसता ओरबाडला गेला, हे मी त्या वेळी ठरवलेच नव्हते. गटाने तपास सुरू केल्यावर त्यांच्या प्रश्नांतून ते ठरत गेले. शापग्रस्त पात्र स्वतःच तपासात पुढे होते आणि दुसरा बूट आपल्या आधी कोणाला सापडू नये म्हणून जिवाचे रान करत होते.

नियमांचाही याला आधार आहे, कारण आपल्याला शाप लागला आहे हे पात्राला ठाऊक नसेल तर त्याला त्या रात्रीचे काही आठवू नये, हे पुस्तकाला मान्य आहे. फक्त एक पथ्य पाळतो. पात्राला ठाऊक नसले तरी खेळाडूला ते ठाऊक असते. मी सुरुवातीला चिठ्ठ्या देऊन, पडद्याआड फासे टाकून खेळाडूपासूनही शाप लपवून पाहिला. तिसऱ्या पौर्णिमेला उलगडा झाला तेव्हा त्याला थरार वाटला नाही, फसवल्यासारखे वाटले. उलट ज्याला ठाऊक असते तो खेळाडू आपणहून पात्राला अडचणीत नेतो. चंद्र उगवायच्या वेळी एकट्यानेच पाणी आणायला निघतो, आणि टेबलावरचे सगळे त्याच्याकडे बघत राहतात.

कोरी शीट

बटणाचा प्रसंग वाचून हेवा वाटला. रिकामी ढाल, आपला मुद्दा मान्य आहे. क्लेरिक खेळणारीला मी काल विचारले. तिला जखमेचे काहीच वाटले नव्हते, पण ‘आपण कशासाठी लढतो आहोत तेच कळेना, त्याला वाचवायला की हरवायला’, असे ती म्हणाली. यावर मला काही बोलता आले नाही.

एक अडचण उरते. माझ्या मोहिमेत कधी एका बैठकीत तीन दिवस सरतात, कधी एका वाक्यात दोन महिने. पौर्णिमा आणायची केव्हा?

पंचांगवाला

पौर्णिमा डीएमच्या लहरीवर आली की खेळाडूला ती शिक्षाच वाटणार. तिथी सर्वांना दिसेल अशी ठेवा. चंद्राचे चक्र सुमारे २९.५ दिवसांचे असते. खेळापुरते ३० धरा आणि एका कागदावर तीस चौकोन आखून टेबलाच्या मधोमध ठेवा. प्रत्येक विश्रांतीला एक चौकोन खोडायचा. बाकी काही न करताही गट प्रवासाचे हिशेब करू लागतो: खिंडीतून गेलो तर नऊ दिवस लागतील आणि पौर्णिमा उजाड माळावर गाठेल, नदीने गेलो तर अकरा दिवस लागतील, पण त्या रात्री आपण नावेवर असू आणि नावेत आणखी वीस माणसे असतील. हा वाद मी चाळीस मिनिटे ऐकला आहे आणि त्यात मला एकही शब्द बोलावा लागला नाही.

आपले जग एबेरॉनचे (या खेळातल्या एका तयार जगाचे) असेल तर आधी विचार करा, कारण तिथे बारा चंद्र आहेत. कोणता चंद्र मोजायचा हे न ठरवता खेळ सुरू केलात तर पात्र महिन्यातून किती वेळा रूप बदलणार, यावर टेबलावर खटला उभा राहील. शिवाय त्या जगात सिल्व्हर फ्लेम या पंथाने लांडगामाणसांचा संहार केल्याचा इतिहास आहे, त्यामुळे तिथे शाप लपवण्याला जिवाचे मोल असते.

वीसमुखी

माझे पहिले उत्तर तुटक होते, हे मान्य. पण मुद्दा अजून अर्धाच सुटला आहे. पौर्णिमेचे तुम्ही सगळ्यांनी छान केलेत, उरलेल्या २९ दिवसांचे काय? साध्या शस्त्रांचा मार लागतच नाही, याची भरपाई महिन्याकाठी एका रात्रीच्या अपराधाने होत नाही. शत्रूंना चांदी द्यावी म्हटले तर एका शस्त्राला मुलाम्याचा खर्च १०० सोन्याची नाणी आहे; रस्त्यावरचे लुटारू ती कुठून आणणार? आणि सगळ्यांकडे अचानक चांदी आली तर खेळाडूला कळतेच की ती त्याच्या एकट्यासाठी आली आहे.

जुनी वही

प्रश्न रास्त आहे. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने तो उलट्या बाजूने सोडवला आहे: तिथे साध्या शस्त्रांपासून पूर्ण अभय नाही, चांदीने मात्र जास्त मार बसतो. पौर्णिमेला अर्धे रूप घ्यावेच लागते, शरीर एका मापाने मोठे होते, आणि चंद्र मावळला किंवा सूर्य उगवला की माणूस होऊन २ड४ (दोन चारमुखी फाशांच्या बेरजेइतके) तास थकव्यात जातात. अभयाऐवजी मर्यादा दिली की निम्मा तोल तिथेच साधतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलने तर चंद्रच बाजूला ठेवला. तिथे चाव्याने शाप लागलेला जीव शून्य हिट पॉइंटवर (उरलेला जीव मोजणाऱ्या आकड्यावर) आला की मरण्याऐवजी १० हिट पॉइंटांचा लांडगामाणूस होऊन डीएमच्या ताब्यात जातो. लढाईतला धक्का म्हणून ते उत्तम आहे, पण महिनोन्‌महिने बाळगायचा शाप म्हणून त्याचा उपयोग नाही.

मी एक वाटी आणि काळ्या कवड्या वापरतो. अभय काढून त्याजागी निम्मा मार ठेवायचा, पण तोही आपोआप मिळत नाही. शापाचे बळ वापरायचे असेल तेव्हा, म्हणजे घाव निम्मा करायचा, वासावरून माग काढायचा किंवा आपणहून रूप बदलायचे, तेव्हा खेळाडू स्वतः वाटीत एक कवडी टाकतो. पौर्णिमेला वाटीत जितक्या कवड्या तितके सहामुखी फासे टाकायचे. प्रत्येक सहावर जनावराने एक गोष्ट केलेली असते आणि ती कोणती, हे खेळाडूच सांगतो. फक्त ती त्याला महाग पडणारी आहे की नाही, हे टेबलावरचे बाकीचे ठरवतात. मग वाटी रिकामी होते.

आकडे असे बसतात: एक कवडी असेल तर किमान एक सहा पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, चार असतील तर ५२, आठ असतील तर ७७. चार कवड्यांवर धोका निम्म्याच्या काठावर येतो, आणि खेळाडू नेमका तिथे घुटमळू लागतो.

वीसमुखी

म्हणजे हुशार खेळाडू पौर्णिमेच्या आधी दहा दिवस शापाला हातच लावणार नाही.

जुनी वही

लावणार नाही असे ठरवतो खरे. मग गटातला कोणीतरी शून्यावर पडतो, आणि वाटी त्याच्यापासून हातभर अंतरावर असते.

रिकामी ढाल

कवड्यांची कल्पना मी उचलतो आहे. भर एवढीच घालतो की शाप एकट्याचा ठेवू नका. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्सने आयर्लंडविषयी लिहिताना ऑसरीच्या लोकांना एका संताने दिलेला शाप नोंदवला आहे: दर सात वर्षांनी एक पुरुष आणि एक स्त्री यांना लांडग्याचे रूप घेऊन परागंदा व्हावे लागे, आणि सात वर्षे जगले वाचले तर ते परतत व त्यांच्या जागी दुसरे दोघे जात. माझ्या पुढच्या मोहिमेत मी हेच घेणार आहे. आपली मुदत संपत आली, आता गावातून पुढचे दोघे कोण, हा प्रश्न पात्राने घरी परत येताना सोबत आणायचा. त्यात जनावराने एकालाही चावण्याची गरज पडत नाही.

तिसरा प्रहर

सगळेच शाप दुष्ट असायला हवेत का, हाही विचार करावा. २०१४च्या पुस्तकातील अस्वलमाणूस न्यूट्रल गुड, म्हणजे भल्या स्वभावाचा, आहे आणि शाप दुसऱ्याला देण्याचे तो सहसा टाळतो. अशा जिवाने नाइलाजाने चावा घेतला असेल आणि मग तो गटाच्या मागे मागे पश्चात्तापाने फिरत असेल, तर उःशाप सांगायला आयता माणूस मिळतो.

कोरी शीट

कालची बैठक झाली, म्हणून लिहितो. सुरुवातीला मी शीट परत दिले आणि मागच्या वेळी चुकलो, असे सरळ सांगितले. अभय काढून निम्मा मार केला तेव्हा खेळाडूने थोडी कुरकुर केली, पण वाटी समोर आल्यावर ती थांबली. क्लेरिक नुकतीच पाचव्या लेव्हलला गेली आहे. रिमूव्ह कर्स एक पौर्णिमा टाळेल आणि कायमचा उपाय शोधावा लागेल, हे दोघांना सांगितले. तिने मंत्र टाकू का, असे विचारले. त्याने या महिन्यात नको म्हटले, कारण ज्या टोळीच्या मागावर आम्ही आहोत तिचा वास फक्त त्यालाच लागतो. यावर तिने त्याच्याकडून एक कबुली घेतली: पौर्णिमेला कुठे बांधायचे ते ती ठरवेल, आणि किल्ली तिच्याकडे राहील.

तीस चौकोनांपैकी एकवीस खोडले आहेत. वाटीत पाच कवड्या आहेत. त्यांतली पाचवी, क्लेरिक एका दरवाजाआड अडकली असताना, त्याने मला न विचारता टाकली.